घरातल्या पर्यावरणपूरक सवयी : प्रमाणासकट सांगा (अनुभव धागा)

पाणी वाचवा, प्लॅस्टिक टाळा, हे शाळेच्या भिंतीवरही लिहिलेलं असतं. इथे उद्या सकाळपासून करता येईल तेवढंच लिहा. काय घ्यायचं, किती घ्यायचं, किती दिवस लागतात आणि बिघडलं तर का बिघडतं. उपदेशाला वेगळा धागा काढू.

खतखड्डा

फ्लॅटमधल्या ओल्या कचऱ्यापासून सुरुवात करतो. चार माणसांच्या घराला रंगाच्या रिकाम्या 20 लिटरच्या तीन बादल्या लागतात. एक भरायला साधारण महिना जातो आणि भरलेली मुरायला 45 ते 60 दिवस, म्हणून दोन बादल्यांत भागत नाही. तळाला आणि बाजूंना 6-8 मिमीची पंधरावीस भोकं पाडा. तळात दोन इंच करवंट्यांचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर द्या, खाली जुनं ताट ठेवा.

जितक्या वाट्या ओला कचरा, किमान तितक्याच वाट्या सुका माल. सुका म्हणजे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाकडाचा भुसा, अंड्यांच्या ट्रेचे तुकडे. वाळलेला पाला चुरून घातला तर दुप्पट घ्या, कारण तो दिसतो भरपूर आणि शोषतो कमी. विरजण म्हणून सुरुवातीला वाटीभर आंबट ताक किंवा जुन्या खताच्या दोन मुठी पुरतात; विकतची कल्चर पावडर घेतलीच पाहिजे असं नाही. दर तीन-चार दिवसांनी तळापासून हलवा.

ओलावा मुठीत दाबून बघायचा. एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर हवा अडते आणि सडका वास येतो. सुका माल घालून रोज हलवलं की दोन-तीन दिवसांत वास जातो. मुंग्या लागल्या तर समजा माल कोरडा पडलाय, पाण्याचा हबका मारा. चिलटं येतात ती उघड्या राहिलेल्या फळांच्या सालींवर, म्हणून प्रत्येक वेळी वरून सुक्याचा थर हवाच.

बाठे, हाडं, मक्याची कणसं, शहाळी घालू नका, वर्षभर तशीच राहतात. तेलकट रस्साही नको. चहाचा चोथा दूध-साखरेचा असेल तर आधी धुऊन घ्या.

कुंडीकर

@खतखड्डा, अळ्यांचं राहिलं. बहुतेक लोक तिथेच बादली बंद करतात. चपट्या, करड्या-तपकिरी, वळवळणाऱ्या जाड अळ्या म्हणजे काळी सोल्जर माशी. त्या कचरा फस्त करतात, माणसाला काही करत नाहीत, त्यांना मारू नका. तांदळासारख्या बारीक पांढऱ्या दिसल्या तर घरमाशीच्या असण्याची शक्यता जास्त. वर तीन बोटं सुका थर द्या आणि दोन दिवस नवीन कचरा टाकू नका.

तयार खत काळपट, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं असतं. चाळून घ्या, वर राहिलेला भरडा पुढच्या बादलीत विरजण म्हणून जातो. कुंडीत एक भाग खत, तीन भाग माती. नुसत्या खतात रोप लावलं तर ते पिवळं पडतं.

रिठाशिकेकाई

सालींच्या बायोएन्झाइमचं (गूळपाण्यात साली आंबवून केलेलं सफाईचं पाणी) प्रमाण 1 : 3 : 10. म्हणजे 100 ग्रॅम गूळ, 300 ग्रॅम लिंबू-मोसंबी-संत्र्याच्या साली, 1 लिटर पाणी. बाटली 2 लिटरची आणि प्लॅस्टिकचीच घ्या. काचेच्या बाटलीत वायू कोंडला तर ती फुटते. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करायचं, नंतर आठवड्यातून एकदा. एकूण तीन महिने. चिमूटभर यीस्ट घातलं तर काम लवकर होतं, पण वायूही जोरात सुटतो. झाकण उघडायला विसरणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

वर पांढरी साय धरली तर चालते. काळी किंवा हिरवी बुरशी आली तर गूळ कमी पडलाय. बुरशी काढून मूठभर गूळ घाला. लादी पुसायला अर्धी बादली पाण्यात 50 मिली पुरे. ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो. हे मळ काढतं, जंतुनाशक नाही. आजारी माणसाच्या खोलीसाठी यावर विसंबू नका.

भांड्यांना रिठा चांगला. 15 रिठे बिया काढून 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी 15 मिनिटं उकळा, कुस्करून गाळा. बाहेर दोन-तीन दिवसांत आंबतं, फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. फेस कमी येतो म्हणून जास्त ओतू नका, मळ निघण्याचा फेसाशी फारसा संबंध नाही.

घासायला वेलीवरच वाळवलेलं घोसाळं. साल सोलायची, बिया झटकायच्या (पुढच्या वर्षी लावायला होतात) आणि तुकडे करायचे. स्पंजसारखा प्लॅस्टिकचा चुरा गटारात जात नाही.

फरशीवाला

वरच्यात एक भर. बायोएन्झाइम आम्लधर्मी असतं. शहाबादी, कोटा आणि संगमरवर या सगळ्यांत चुन्याचा अंश असतो, आम्लाने त्यांची चमक जाते आणि फरशी खरबरीत होते. अशा लादीवर ते वापरू नका. सिरॅमिक, व्हिट्रिफाइड टाइल्सना बायोएन्झाइम चालतं.

पाना नंबर बारा

फ्लशची टाकी गळते ते सहसा कळत नाही, कारण आवाज येत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाका, अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबरी सील कडक झालंय. सील स्वस्त असतं, बदलायला दहा मिनिटं.

जुन्या 10 लिटरच्या टाकीत पाण्याने भरलेली 1 लिटरची बाटली ठेवली की प्रत्येक वेळी लिटरभर वाचतं. फ्लोटपासून लांब ठेवा. वीट नको, ती झिजून चुरा सीलखाली बसतो. नव्या 6 लिटरच्या टाकीत हा उद्योग करू नका. एका फ्लशमध्ये साफ होत नाही आणि दोनदा दाबावं लागतं.

नळाला एरेटर (तोंडाशी बसणारी, पाण्यात हवा मिसळणारी जाळी) लावा. उघड्या नळातून मिनिटाला 10-15 लिटर जातं, एरेटरमधून 3 ते 6. बाहेरून आटे असलेल्या नळाला बहुधा 22 मिमीचा, आतून असतील तर 24 मिमीचा बसतो. बोअरच्या पाण्याने जाळी बुजते, व्हिनेगरमध्ये तासभर बुडवली की मोकळी होते. बादली भरायच्या नळाला लावून उपयोग नाही, बादली तेवढीच मोठी असते.

मीटर बघा

रिमोटने बंद केलेला सेट टॉप बॉक्स 10 वॉट खात असेल तर दिवसातले 20 तास म्हणजे 0.2 युनिट, महिन्याला 6. भिंतीवरचं बटण दाबा. जुना पंखा 70-80 वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा) 30 च्या आसपास. जो पंखा सर्वांत जास्त तास फिरतो तोच आधी बदला. फ्रिजच्या दारात नोट अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर गेलंय.

बोहारीण

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लटकता ठेवा. तो तुकडाच कचऱ्यात हरवतो. विसळून वाळवलेली पिशवी भंगारवाला घेतो. वेफर्सचं आतून चंदेरी पाकीट घेत नाही, त्याचे थर वेगळे होत नाहीत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने ही खूण रुजवली. हाताने वर्गीकरण करणाऱ्या बाईला पुडी उघडावी लागत नाही.

जुन्या चादरीची पिशवी 15 × 16 इंच शिवा. बंद 24 इंच लांब, दुहेरी, तोंडापासून दोन इंच खाली घेऊन चौकोन आणि आत फुली अशी शिवण घाला. पिशव्या कापडात कमी फाटतात, बंदाच्या सांध्यातच जास्त. कोथिंबीर नुसत्या कापडात फ्रिजमध्ये सुकते. किंचित ओलं कापड आणि वर झाकणाचा डबा.

कुंडीकर

आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालायचं का, असं कोणीतरी विचारेलच. आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. नळाचं 300 असेल आणि 1 लिटर शुद्ध पाण्यामागे 2 लिटर बाहेर जात असेल, तर बाहेरचं साधारण 450 भरतं, कुंड्यांना अधूनमधून चालेल. बोअरचं 1000 असेल तर 1500 च्या घरात जातं. मातीवर पांढरा थर येतो, पानांच्या कडा करपतात. ते लादीला आणि फ्लशला वापरा, गाडीला नको, डाग पडतात. आणि नळाचंच पाणी 500 च्या आत असेल तर आरओऐवजी यूव्ही-यूएफ फिल्टरने (अतिनील किरण आणि बारीक गाळणी) काम होतं का ते बघा, मग वाया काहीच जात नाही.