रिमोट फोनला लावायचा? : फॅमिली ग्रुपवरची रविवार सकाळ

अनंतकाका (एडिसन, अमेरिका), ७:१०
[फोटो]
बेसमेंट आवरतोय. हे काय सापडलं ओळखा पाहू.

मंदाआत्या, ७:१४
रिमोट आहे की. त्यात ओळखायचं काय? दादा, तुमच्याकडे शनिवारची रात्र ना, जेवणं झाली का?

अनंतकाका, ७:१६
झाली. अगं साधा रिमोट नाही हा, युनिव्हर्सल आहे. टीव्ही, व्हीसीआर, केबलचा डबा, सगळं या एकावर चालायचं. आणि घरात नवी वस्तू आली की याला फोनवरून शिकवायचं.

मिहिर, ७:१७
फोनवरून म्हणजे ॲप का मामा?

अनंतकाका, ७:२१
कसलं ॲप रे! भिंतीवरचा, वायरचा फोन. रिमोटच्या पाठीवर हेल्पलाइनचा नंबर आहे बघ. तो लावायचा, नव्या डीव्हीडी प्लेअरचं मॉडेल सांगायचं. पलीकडची बाई सांगायची, आता अमुक बटणं दाबा, रिसिव्हर रिमोटच्या पाठीला टेकवा आणि थोडा वेळ गप्प बसा. मग त्यातून फॅक्ससारखी किरकिर यायची. ती थांबली की रिसिव्हर परत कानाला लावायचा, ती म्हणायची प्लेअर चालू करून बघा. चालायचा!

सुलभाकाकू, ७:२३
"गप्प बसा" हे तिला मुद्दाम सांगावं लागायचं. हे मध्येच "हॅलो, झालं का?" विचारायचे आणि सगळं परत पहिल्यापासून.

मंदाआत्या, ७:२४
😂 दादाला गप्प बसवणारी अमेरिकेत तरी कोणी भेटली.
पण बाकीच्यावर माझा विश्वास नाही. रिमोटला कान असतात होय?

मिहिर, ७:२५
माईक असेल आत. श्रीदादा, खरंय का हे?

श्रीदादा, ७:४१
खरंय. पण माईक नाही, कॉइल. चहा होईपर्यंत थांबलो कारण हे लांबणार आहे.

रिसिव्हरच्या कानाकडच्या भागात छोटा स्पीकर असतो. आवाज निघतो तेव्हा त्या स्पीकरभोवतीचं चुंबकीय क्षेत्रही त्याच तालावर कमीजास्त होतं. रिमोटच्या पाठीमागे तारेची एक बारीक कॉइल बसवलेली असते, तिच्यात त्यामुळे इवलासा विद्युतप्रवाह तयार होतो. म्हणजे रिमोट किरकिर "ऐकत" नाही, त्या किरकिरीचं चुंबकीय रूप उचलतो. टीव्हीचा आवाज, कुकरची शिट्टी, हवेतून येणाऱ्या कशाचाच त्याला थेट त्रास नाही.

मग काका बोलल्यावर का बिघडायचं? वायरच्या फोनमध्ये आपला स्वतःचा आवाज थोडासा आपल्याच रिसिव्हरमध्ये ऐकू येतो. मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर फोन मेल्यासारखा वाटतो. तेव्हा काकांचं "हॅलो" त्याच स्पीकरमधून थेट त्या डेटात जाऊन पडायचं.

सुलभाकाकू, ७:४३
हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर माझे शब्द वाचले असते.

अनंतकाका, ७:४५
श्री, आपल्या आप्पांच्या कानाच्या मशीनला "टी" लिहिलेला खटका होता. फोन आला की ते त्याच्यावर टाकायचे. ही तीच भानगड का?

श्रीदादा, ७:५०
अगदी तीच. टी म्हणजे टेलिकॉइल. आणि गंमत पुढे आहे. कानाच्या मशीनवाल्यांना फोन वापरता यावा म्हणून अमेरिकेने १९८८ मध्ये कायदा केला आणि १९८९ पासून तिथल्या जवळपास प्रत्येक नव्या वायरच्या फोनला असं पुरेसं चुंबकीय क्षेत्र सोडणं सक्तीचं झालं. कायदा झाला बहिऱ्यांसाठी, आणि रिमोटवाल्यांना घरोघरी आयता ट्रान्समीटर मिळाला. मला तरी ही त्या सगळ्यातली सर्वांत हुशार गोष्ट वाटते. नवं काही न विकता घरात आहे ते वापरलं.

मिहिर, ७:५२
ओके पण फोनच्या लाइनवरून असा किती डेटा जाणार? मामा म्हणतात थोडाच वेळ लागायचा.

श्रीदादा, ८:०३
लागतोच थोडा. नेहमीचा एनईसी प्रोटोकॉल घे, म्हणजे रिमोटने वस्तूशी बोलायची एक ठरलेली भाषा. बटण दाबलं की आधी ९ मिलिसेकंदांचा लांब झोत, मग ४.५ मिलिसेकंद शांतता, मग ३२ बिट. त्यातले ८ वस्तूचा पत्ता, ८ बटणाचा नंबर, उरलेले १६ म्हणजे हेच दोन उलटे करून पुन्हा, चूक पकडायला. झोतानंतरची फट छोटी असेल तर शून्य, मोठी असेल तर एक. आणि हे सगळं सेकंदाला ३८ हजार वेळा लुकलुकणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशावर.

आता हिशोब कर. हा प्रोटोकॉल कसा बोलायचा हे रिमोटला कारखान्यातूनच येतं. नव्या प्लेअरसाठी त्याला फक्त पत्ता हवा आणि प्रत्येक बटणामागे एक बाइट, म्हणजे ८ बिट. चाळीस बटणं धरली तरी पन्नास-साठ बाइट. तू सकाळी जे गुड मॉर्निंगचं चित्र पाठवतोस त्यात असे हजारो रिमोट बसतील.

मिहिर, ८:०४
ते मी नाही आई पाठवते 🙏

मंदाआत्या, ८:०५
पाठवणारच.
पण मग सगळ्या कंपन्यांचे नंबर आधीच का नाही भरून ठेवत त्यात? फोन कशाला करायला लावायचा माणसाला?

श्रीदादा, ८:०९
भरलेले असायचेच आत्या. सोबत पुस्तिका यायची, तिच्यात कंपनीपुढे तीन-चार आकडी कोड, एक नाही चालला तर पुढचा. पण रिमोट ज्या वर्षी बनला त्यानंतर बाजारात आलेली वस्तू त्या पुस्तिकेत कशी असणार? पक्की मेमरी कारखान्यात एकदा भरली की भरली. म्हणून शेजारी थोडीशी पुसता-लिहिता येणारी मेमरी ठेवायचे, ईईप्रॉम, साधारण एक-दोन केबी. फोनवरून आलेलं तिच्यात जायचं.

अनंतकाका, ८:१२
दुसऱ्या रिमोटवरून शिकणारेही होते तेव्हा. ॲपलवाल्या वॉझ्नियॅकने १९८७ मध्ये एक काढला होता, कोअर नावाचा. दोन रिमोट समोरासमोर धरायचे. ऑफिसात एकाकडे होता, तो वापरायला त्याच्याइतकंच डोकं लागायचं.

श्रीदादा, ८:१५
शिकणाऱ्याची अडचण अशी की मूळ रिमोट जिवंत हवा. फोनवाल्याला मूळ रिमोट कुत्र्याने चावून टाकलेला असला तरी चालायचा.

मिहिर, ८:१६
मामा तो द्या ना मला. इथून हेल्पलाइनला व्हॉट्सॲप कॉल करून मोबाइल टेकवून बघतो.

श्रीदादा, ८:२४
नाही जमणार. एक, ते किरकिरणारं यंत्र तिकडे अजून चालू असेल अशी आशा नको धरू. दोन, मोबाइलचं कॉलिंग माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेलं असतं. आवाज जसाच्या तसा जातच नाही, त्याचं वर्णन जातं आणि पलीकडे तो नव्याने बनवला जातो. "हॅलो" चांगलं पोचतं, अशी डेटाची किरकिर पार विद्रूप होते.

पण तुझ्यासाठी दुसरा रस्ता आहे. या जातीच्या बऱ्याच रिमोटांत बॅटरीच्या कप्प्यात सहा पिना किंवा सहा भोकं असतात. आतल्या सर्किट बोर्डावर तिथे जेपी१ छापलेलं असायचं. हौशी लोकांनी शोधून काढलं की तिथे वायर लावली की कॉम्प्युटरच्या प्रिंटर पोर्टवरून ती ईईप्रॉम सरळ वाचता-लिहिता येते. मग काय, लोकांनी हेल्पलाइनला विचारणंच सोडलं. स्वतः कोड बनवायचे, एकमेकांना द्यायचे. काहींनी तर ती किरकिर कॉम्प्युटरवर आवाजाची फाइल (वेव्ह) म्हणून तयार केली आणि रिमोट स्पीकरला टेकवून भरला.
काका, सेल काढून कप्पा बघा बरं.

अनंतकाका, ८:३३
[फोटो]
सहा भोकं आहेत! इतकी वर्षं सेल बदलतोय, लक्ष गेलं नाही. स्प्रिंगवर पांढरं-हिरवं जमलंय मात्र.

मिहिर, ८:३४
येस्स. पण सेल किती वर्षं मेलेले असतील, आतलं सगळं पुसलं गेलं असेल ना?

श्रीदादा, ८:३६
ईईप्रॉमला सेल लागत नाहीत. काकांचा डीव्हीडी प्लेअर आत असेल अजून. वाचून काढ, मजा येईल.

मंदाआत्या, ८:४०
तुमचं झालं असेल तर माझं ऐका. माझ्या टीव्हीचा रिमोट आचके देतोय. चालू-बंदचं बटण अंगठा दुखेपर्यंत दाबावं लागतं. लॅमिंग्टन रोडवरून दीडशेचा आणला, तो ढिम्म. दुकानदार म्हणतो मॉडेल जुळत नाही, परतही घेत नाही.

श्रीदादा, ८:४४
आत्या, दीडशेचा बाजूला ठेव. तुझ्या डीटीएचच्या रिमोटवर टीव्हीसाठी वेगळी चौकट आहे का? पॉवर, आवाज वर-खाली, सोर्स अशी चार-पाच बटणं?

मंदाआत्या, ८:४५
आहे. ती कधी चाललीच नाहीत.

श्रीदादा, ८:५१
कारण त्यांना कोणी शिकवलं नाही. बसवायला आलेला मुलगा घाईत निघून जातो. ती शिकणारी बटणं असतात. माहितीपत्रकात शिकवायचा मोड कसा लावायचा ते असेल, नसेल तर रिमोटचा फोटो टाक. मग दोन्ही रिमोट टेबलावर तोंडाला तोंड लावून ठेव, मध्ये दोन-तीन बोटं जागा. शिकणाऱ्याचं बटण दाब, मग जुन्याचं तेच बटण दाब. उन्हात किंवा ट्यूबच्या अगदी खाली नको.
आजच कर. पॉवरचं बटण एकदा कायमचं गेलं की शिकवणार कोण?

जुना झोत टाकतोय का ते बघायला मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू कर, रिमोट त्याच्याकडे धरून बटण दाब. जांभळट ठिपका दिसला तर सिग्नल निघतोय. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड दिसत नाही.

मिहिर, ८:५२
आई मी आल्यावर करून देतो

मंदाआत्या, ८:५३
तू दिवाळीला येणार. तोवर मी काय उठून टीव्हीच्या पाठीमागचं बटण चाचपू?

मंदाआत्या, ९:२६
ठिपका दिसला. आवाजाची दोन्ही बटणं पहिल्या फटक्यात शिकली. पॉवरचं शिकेना, मग जुन्या रिमोटवर पेनाचं टोपण रोवून दाबलं तेव्हा शिकलं. टीव्ही चालू आहे. श्री, तुझं भलं होवो.

अनंतकाका, ९:२८
वा मंदा! बघ, हेल्पलाइनच्या बाईची नोकरी श्रीने केली.

श्रीदादा, ९:२९
फरक एवढाच की आत्या मध्ये बोलत राहिली तरी चालतं.

सुलभाकाकू, ९:३१
मिहिर, आम्ही डिसेंबरात तिकडे येतोय तेव्हा तो रिमोट तुला देऊन टाकते. बेसमेंटमधली एक तरी वस्तू कमी होईल.

अनंतकाका, ९:३२
अगं पण स्प्रिंग गंजल्यात, आधी त्या साफ करू दे.

श्रीदादा, ९:३३
कानकोरणीच्या कापसाला व्हिनेगर लावून पुसा काका, मग नीट वाळवा. त्या सहा भोकांत थेंब जाऊ देऊ नका.

सुलभाकाकू, ९:३४
व्हिनेगर वरच्या कपाटातलं घ्या. ओट्यावरचं लोणच्याचं आहे.