सकाळी इंजिन थरथरतं आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘नॉर्मल आहे’

बी ३०४: सोसायटीच्या ग्रुपवरच्या गाडीच्या जाणकारांनी जरा सांगा. पेट्रोल, टर्बो, डायरेक्ट इंजेक्शन. सकाळी पहिल्यांदा चालू केली की इंजिन थरथरतं, आतला आरसासुद्धा हलतो. गरम झाली की एकदम गुळगुळीत. चेक इंजिनचा दिवा मधूनच लागतो, आपोआप विझतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं दोष काही नाही, कार्बन साचलाय, डीकार्ब करून घ्या. पैसे आपले, वॉरंटीत बसत नाही म्हणे.

ए १०२: टाकीत ॲडिटिव्हची बाटली ओता. माझ्या गाडीला फरक पडला होता.

सी ५०१: काका, तुमची गाडी पोर्ट इंजेक्शनची. तिच्यात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या (सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) मागे फवारलं जातं, त्यामुळे व्हॉल्व्ह आपसूक धुतले जातात. ३०४ च्या गाडीत इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत उघडतो. व्हॉल्व्हच्या पाठीला पेट्रोलचा थेंब लागत नाही. टाकीत काहीही ओता, फार तर इंजेक्टरची टोकं आणि पिस्टनचा माथा साफ होईल.

ए १०२: मग कार्बन येतो कुठून? पेट्रोल लागतच नाही म्हणताय.

सी ५०१: ऑइलमधून. पिस्टन रिंगमधून थोडा गॅस खाली ऑइलच्या बाजूला निसटतोच. तो बाहेर न सोडता परत इनटेकमध्ये नेऊन जाळतात, प्रदूषणाच्या नियमांमुळे. त्याच्याबरोबर ऑइलची वाफ येते आणि गरम व्हॉल्व्हवर बसून भाजली जाते. कढईच्या बुडाला बसलेला काळा थर असतो ना, तसाच. काही इंजिनांत ईजीआरची, म्हणजे परत आत नेलेल्या धुराची, काजळी त्यात भर घालते.

डी ४०२: मग डीकार्ब म्हणजे नक्की काय करतात ते?

सी ५०१: तिथेच तर ग्यानबाची मेख आहे. त्या एका नावाखाली काहीही खपतं. कोणी फ्युएल लाइनमधून केमिकल सोडतो (ते पेट्रोलच्याच वाटेने जाणार, म्हणजे व्हॉल्व्ह पुन्हा कोरडेच), कोणी इनटेकमधून फवारा मारतो, त्याने मऊ थर निघतो पण कडक झालेला हलत नाही. खरी सफाई म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणारा नळ्यांचा भाग) उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने व्हॉल्व्हवर मारायचा आणि सोबत व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. ज्या सिलिंडरवर काम चाललंय त्याचे इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण बंद हवेत, नाहीतर भुगा आत जातो. हे काम घाईचं नाही. त्यामुळे ‘डीकार्ब’ म्हटलं की पहिला प्रश्न एकच: केमिकल कुठून आत जाणार?

बी ३०४: विचारलं होतं. म्हणाले, कंपनीची मान्यताप्राप्त प्रोसेस आहे.

सी ५०१: 😄

डी ४०२: दादा, आमच्या गाडीचं असंच झालं होतं, म्हणून सांगते. आधी मी पण भांडत बसले. नंतर लक्षात आलं की वॉरंटीचं काम डीलर करतो, पण त्याचे पैसे त्याला कंपनीकडून क्लेम करून मिळतात. क्लेमसोबत पुरावा नसेल तर कंपनी नाकारते आणि भुर्दंड डीलरवर. म्हणून ॲडव्हायझर ‘नॉर्मल आहे’ म्हणून मोकळा होतो. त्याच्या हातात नाकारता येणार नाही असा पुरावा द्या, तोच माणूस तुमच्या बाजूने क्लेम टाकेल.

बी ३०४: पुरावा म्हणजे? व्हिडिओ दाखवला होता की.

डी ४०२: व्हिडिओ हवाच, पण जॉब कार्डवर काय लिहिलंय बघा. ते ‘जनरल चेकअप’ लिहितात. तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: थंड इंजिन चालू केल्यावर थरथर, दिवा लागतो. तसं लिहिल्याशिवाय सहीच करू नका. आणि गाडी आदल्या संध्याकाळी तिथेच सोडा. तुम्ही चालवत नेलीत की इंजिन गरम, मग त्यांना काय दिसणार कप्पाळ!

सी ५०१: ताईंचं अगदी बरोबर. त्यात माझी भर. स्कॅनर लावला की बिघाडाचे कोड खोडायच्या आधी प्रिंट मागा. पी ०३०० म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं), पण सिलिंडर नक्की नाही. पी ०३०१ म्हणजे पहिला, पी ०३०२ दुसरा, असं पुढे. कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे कोड पडला त्या क्षणाचे आकडे. त्यात कूलंटचं तापमान बघा. ते कमी असेल तर तुमची तक्रार कॉम्प्युटरनेच लिहून दिली समजा. कोड खोडला की बहुधा हेही गेलं.

ए २०१: उद्या सकाळी लिफ्टचं मेंटेनन्स आहे, कृपया नोंद घ्यावी 🙏

ए १०२: पण कार्बनच आहे कशावरून? प्लग किंवा त्याला ठिणगीची वीज देणारी कॉइल गेली असेल.

सी ५०१: रास्त शंका आहे काका. ज्या सिलिंडरचा कोड आहे त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बदलायची. कोड कॉइलसोबत सरकला तर दोष कॉइलचा. जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन बघायचं आणि इनटेकमधून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून व्हॉल्व्हचे फोटो काढायचे. फोटोशिवाय ‘कार्बन झालाय’ हा नुसता अंदाज आहे, आणि अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकाने का भरायचे?

बी ३०४: आणि ते म्हणाले की तुमचं पेट्रोलच खराब, तर?

डी ४०२: आम्हालाही तेच ऐकवलं. मी म्हटलं, जॉब कार्डवर लिहून द्या, पेट्रोलची तपासणी कशी केली तेही लिहा. लिहिलं नाही कोणी.

सी ५०१: शिवाय पेट्रोल ज्या व्हॉल्व्हला शिवतच नाही त्यावर पेट्रोलने थर कसा बसवला, हेही विचारा. ही अडचण कंपन्यांना चांगली माहीत आहे. टोयोटाने २००५ मध्येच काही इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर दिले, एक थेट आत आणि एक पोर्टमध्ये. त्याचा एक फायदा व्हॉल्व्ह धुतले जाण्याचा. चेसिस नंबर देऊन विचारा, या इंजिनासाठी सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे कंपनीची डीलरना दुरुस्तीची सूचना, निघालंय का. असेल तर निम्मं काम झालं.

डी ४०२: नाहीच म्हणाले तर ‘नाही’ लेखी मागा आणि जॉब कार्ड, प्रिंट, फोटो जोडून कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा. फोनवर नको, तक्रार क्रमांक हवा. आमच्याकडे त्यानंतरच कंपनीचा माणूस गाडी बघायला आला. मजुरी त्यांनी सोसली, गॅस्केटचे पैसे आम्ही दिले. तेवढ्यावर मी मिटवलं, अजून ताणलं असतं तर गाडीविना बसावं लागलं असतं.

बी ३०४: तोवर गाडी चालवू का?

सी ५०१: दिवा स्थिर असेल तर जपून चालवा. लुकलुकायला लागला तर बाजूला घेऊन बंद करा. मिसफायरमध्ये न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो.

ए १०२: आणि साफ केल्यावर पुन्हा होणार नाही ना?

सी ५०१: होणार, पण किती लवकर हे ऑइलवर. तो निसटलेला गॅस इनटेकमध्ये सोडणारा ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह बिघडला असेल किंवा इंजिन ऑइल पीत असेल तर सफाई वाया. ३०४, डिपस्टिकचा फोटो आजच काढून ठेवा, किलोमीटरच्या आकड्यासकट. पुढच्या वेळी टॉप-अप लागला तर ऑइल कन्झम्प्शन टेस्ट मागता येईल, आणि ती वॉरंटी असेपर्यंतच मागायची.

बी ३०४: फोटो काढतो. गाडी गुरुवारी संध्याकाळी सोडतोय, जॉब कार्ड इथेच टाकतो. सहीच्या आधी.

डी ४०२: हो, सहीच्या आधी!