आजीला श्रावणबाळ, नातू विकतो गांजा. तक्रार कुठे करायची?

खाडीपट्टा: मंडळी, रत्नागिरी जिल्हा एवढंच सांगतो, तालुका विचारू नका. आमच्या वाडीत एका घरात पिवळं रेशनकार्ड, आजीला श्रावणबाळचे १,५००, सुनेला लाडकी बहीण, आणि नातू कॉलेजच्या पोरांना गांजाच्या पुड्या विकतो हे अख्ख्या गावाला माहितीय. शिमग्याला नवी बुलेट आली, आता कौलं काढून स्लॅब टाकायचं चाललंय. तहसीलला अर्ज टाकू का, की आजीच्याच पोटावर पाय येईल?

कलमी_हापूस: टाका बिनधास्त. आम्ही फवारणीचं कर्ज फेडत बसतो, वानरं हाकतो, आणि हे फुकटचं खाऊन वर पोरं नासवतात. सगळ्यांची कार्डं रद्द करा!!

जुना महसूलवाला: हापूसराव, जरा थांबा. श्रावणबाळला उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार, पिवळ्या कार्डाला १५ हजार, लाडकी बहीणला अडीच लाख. (१५ हजारात वर्ष कोण काढतं हो, या अटीपायी साधी माणसं पण खोटं लिहून देतात.) चौकशीला आलेला तलाठी सातबारा बघणार, पगार पेन्शन बघणार, पुडीच्या धंद्याची पावती थोडीच असते, आणि बुलेट दुसऱ्याच्याच नावावर निघेल. म्हणजे नातू कागदावर बेकारच राहणार आणि पैसे अडकणार म्हातारीचे. धंद्याची तक्रार पोलिसांत द्या नाहीतर १९३३ ला फोन करा, अमली पदार्थांसाठीच आहे ती हेल्पलाईन. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६८ प्रमाणे खबर कुठून आली हे सांगायची सक्ती अधिकाऱ्यावर करता येत नाही.

दर्यावरचो: कार्ड रद्द करून काय होतला ओ? २०२३ च्या ऑगस्टात दापोलीच्या किनाऱ्यार चरसची पाकिटां लागली, कर्दे, लाडघर, केळशी, कस्टमवाल्यांनी अडीचशे किलोच्या आसपास गोळा केल्यानी. तेवढो माल काय पिवळ्या कार्डवाल्याचो? तुमचो पोरगो सगळ्यात खालचो. गांजो किलोच्या आत गावलो तर जास्तीत जास्त एक वर्स, जामिनार सुटान परत वाडीतच येतलो. तेका माल कोण देता ता पोलिसांका सांगा, फकस्त तेचा नाव देव नको.

खाडीपट्टा: माल शुक्रवारी रात्री एक टेम्पो टाकून जातो, नंबर मिळेल. पण माल ठेवतात आजीच्या पडवीत, घर तिच्या नावावर, तिला पण उचलतील का?

जुना महसूलवाला: कलम २५ आहे, माहीत असून घर वापरू दिलं तर घरमालकाला पण तीच शिक्षा. आजीला खरंच माहीत नसेल तर प्रश्न वेगळा, पण माल पडवीत सापडला की ते सिद्ध करत तिने कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या. सुनेच्या कानावर कलम २५ तेवढं घाला, पडवी रिकामी करतील ते. टेम्पोबद्दल तिच्याकडे चकार शब्द नको, तो नंबर सरळ १९३३ ला.

कलमी_हापूस: आणि अर्ज करणाऱ्याचं नाव तहसीलमधून संध्याकाळपर्यंत वाडीत पोचतं, ते पण ध्यानात ठेवा.