‘रेझिलियन्स’ म्हणजे लवचिकता की सावरणं?

प्रश्न : शहरं एकमेकांशी डिजिटल जाळ्यानं जोडली गेली की त्यांची आर्थिक ‘रेझिलियन्स’ वाढते का, यावर मराठीत लिहितोय. सगळीकडे ‘आर्थिक लवचिकता’ दिसतं. मला ते पटत नाही. काय लिहावं?

उत्तर : खटकतंय ते बरोबरच आहे. लवचीक वस्तू वाकते, पण पुन्हा उभी राहीलच असं नाही. मूळ लॅटिन शब्दात उसळून मागे येण्याचा अर्थ आहे. १९७३ साली हॉलिंग या परिसंस्थाशास्त्रज्ञानं तो वेगळ्या अंगानं मांडला : धक्का पचवूनही व्यवस्थेची घडी न मोडणं.

मी निफाडकडचा. गारपिटीनंतर आमच्याकडे माणूस आधी द्राक्षाची काडी हातात घेतो. साल कुठं फुटलीय, काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, शाबूत आहेत का, ते बोट फिरवून बघतो. नवी फूट नीट निघाली की म्हणतात, ‘बाग सावरली’. हाच शब्द शहरालाही लावावा. ‘तग’ अपुरा आहे. तग धरणारा नुसता टिकतो, सावरणारा परत कामाला लागतो. म्हणून ‘सावरण्याची ताकद’, आणि एकच शब्द हवा असेल तर ‘सावरणक्षमता’. मराठी धातूला संस्कृत शेपूट जोडलेलं काहींना रुचणार नाही, मला चालतं.

पण जोडणी झाली म्हणजे ताकद आलीच, असं लिहू नका. लासलगावच्या कांदा बाजारात लिलाव ट्रॉलीपाशी होतो, तरी व्यापाऱ्याच्या फोनवर बाहेरगावचे भाव आलेले असतात. एका शहरात मागणी पडली तर माल दुसरीकडे वळवता येतो, हे सावरणं. मात्र ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी लागू झाली, तेव्हा पडत्या भावाची बातमीही त्याच फोनवरून आली. धक्का त्याच वाटेनं येतो.

आणखी एक उत्तर : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतलं सांगतो. ज्या छोट्या कारखान्याला ड्रॉइंग आणि ऑर्डर पुण्याच्या एकाच कंपनीकडून मेलवर येतात, त्याचं नेट कितीही वेगवान असो, ती कंपनी थांबली की मशीन थांबतं. त्याला जोडणी म्हणू नये, ते परावलंबन. चार शहरांतली गिऱ्हाइकं असतील तरच काही वाव राहतो.

प्रश्नकर्ता : आभार. शीर्षक बदललं : ‘शहराच्या डिजिटल जोडण्या आणि सावरणक्षमता’. आधी ‘जोडणी’ लिहिलं होतं, आता अनेकवचन केलंय.