युरोप सहल: आईबाबांसाठी फॉरेक्स कार्ड की झीरो मार्कअप डेबिट कार्ड?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. आईबाबा (वय 64 आणि 68) मे महिन्यात पॅरिस, इंटरलाकेन आणि मग मिलान-व्हेनिस-रोम असे फिरायला निघालेत. टूर कंपनी नाही, आपलं आपण. विमान, हॉटेलं, रेल्वेचे पास इथूनच झालेत. म्हणजे तिथे खर्च खाण्यापिण्याचा, बस-मेट्रोचा, तिकिटांचा, थोड्या खरेदीचा. अंदाजे दोन-अडीच लाख. बाबांची बँक मल्टिकरन्सी फॉरेक्स कार्ड (आधीच वेगवेगळी परदेशी चलनं भरून ठेवायचं कार्ड) घ्या म्हणते, "चार्जेस शून्य". माझा एक मित्र म्हणतो, त्यापेक्षा झीरो मार्कअपवालं, म्हणजे परदेशी खर्चाच्या दरावर बँक जादा टक्के लावत नाही असं, डेबिट कार्ड बरं. बाबांना ॲप जेमतेम जमतं, आईला जरा बरं. काय घ्यावं? रोख किती द्यावी?

मोजूनमापून:
"चार्जेस शून्य" ऐकून हुरळू नका. बँक पैसे काढते ते दरातून. समजा बाजारात युरो 100 रुपयांना आहे आणि बँक कार्डावर भरताना 102.50 लावते. दोन लाखांवर जवळपास पाच हजार तिथेच गेले, आणि पावतीवर त्याला चार्ज म्हणून वेगळी ओळही नाही. त्यापुढे कार्ड काढायची दोन-चारशे रुपये फी माफ केली काय नि नाही काय!

काउंटरवर "फी किती" विचारू नका. "1500 युरो भरायचेत, सगळं धरून माझ्या खात्यातून किती रुपये जाणार" हा एकच प्रश्न विचारा. तोच आकडा एकाच दिवशी, एकाच वेळेला तीन ठिकाणी विचारा: तुमची बँक, दुसरी एखादी बँक आणि एखादा परवानाधारक मनी चेंजर. ताडून बघायला एफबीआयएलचा (रोजचे अधिकृत संदर्भ दर जाहीर करणारी संस्था) त्या दिवसाचा संदर्भ दर आहेच, युरोचा मिळतो. दुसरीकडचा दर सांगितला की बँकेतला माणूस पुष्कळदा थोडा खाली येतो. मागायला लाजू नका.

जीएसटी मात्र कुठेही तेवढाच. दोन लाख एकदम बदलले तर 270 रुपये. त्यावरून घासाघीस करण्यात अर्थ नाही.

आल्प्सच्या_पायथ्याशी:
मी झुरिकला असतो, म्हणून इंटरलाकेनपुरतं सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये युरो नाही, स्विस फ्रँक. इथे येणाऱ्या आपल्या मंडळींची गाडी नेमकी इथेच अडते. सगळं "युरोप" म्हणून कार्डात फक्त युरो भरून येतात आणि मग कूप सुपरमार्केटमध्ये पाणी-सँडविच घेतलं तरी प्रत्येक स्वाइपला युरोचे फ्रँक होतात. बऱ्याच मल्टिकरन्सी कार्डांवर त्याला 3.5 टक्क्यांपर्यंत क्रॉस करन्सी मार्कअप लागतो. युंगफ्राउयोखला डोंगरावर नेणाऱ्या रेल्वेच्या एकट्या दोन तिकिटांवरचाच मार्कअप बघितला तर एक साधं जेवण त्यात निघेल.

तेव्हा इंटरलाकेनच्या दिवसांचा हिशेब करून तेवढे फ्रँक त्याच कार्डात वेगळे भरा. थोडे जास्तच धरा, इथली महागाई नाशिकच्या अंदाजात बसत नाही. फ्रँक संपले की कार्ड आपोआप युरोला हात घालतं आणि मार्कअप सुरू. ॲपमध्ये शिल्लक बघायला आईंना शिकवून ठेवा.

युरोच्या नोटा इथली काही दुकानं घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये परत देतात आणि दर त्यांच्या मनाचा.

खिसा_रिकामा:
मी मित्राच्या बाजूने. फॉरेक्स कार्डात आधी भरताना दरात कापतात, उरलेलं परत घेताना पुन्हा कापतात. झीरो मार्कअप डेबिट कार्डावर त्या दिवशीचा व्हिसा किंवा मास्टरकार्डचा दर लागतो, तो बाजाराच्या अगदी जवळ असतो. फ्रँक, युरो, उद्या बुडापेस्टला गेले तर फोरिंट, काही वेगळं भरायला नको. पैसे उरले तर ते रुपयेच असतात.

खर्चाला साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड मात्र परवडणार नाही हं. त्यावर बहुतेक ठिकाणी 3.5 टक्के मार्कअप, वर त्याच्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 4.13.

अनुजा_ठाणे:
खिसा_रिकामा, गणित बरोबर आहे, पण कार्ड वापरणार कोण ते बघा. डेबिट कार्डामागे खातं असतं. बाबांच्या पेन्शनच्या खात्याचं कार्ड रोम टर्मिनी स्टेशनच्या गर्दीत फिरवायचं माझ्या तरी जिवावर येईल. घ्यायचंच तर वेगळं खातं उघडून त्यात ठरावीकच रक्कम ठेवा.

दुसरं म्हणजे, फॉरेक्स कार्डात दर आजच ठरून जातो. मेमध्ये रुपया घसरला तरी बाबांना तिथे बसून चिंता नको. (वधारला तर हळहळ होईल, ते वेगळं.)

माझा सल्ला असा: बाबांच्या नावाचं फॉरेक्स कार्ड, त्यात दोन तृतीयांश रक्कम. आईंच्या नावाचं झीरो मार्कअप डेबिट कार्ड, त्यात उरलेली. दोन्ही एका पर्समध्ये कधीच नकोत. पॅरिसच्या मेट्रोतले पाकीटमार पर्यटकांना हेरतात.

आणि डेबिट कार्डाचा परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस ॲपमधून चालू करावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नवं कार्ड सुरुवातीला फक्त देशातच एटीएम आणि दुकानात चालतं. हे इथेच, निघायच्या आधी करा.

गोदाकाठ:
अनुजाताई, हे पटतंय. पण परदेशी खर्चावर 20 टक्के कर लागतो म्हणतात, तो काय आहे? बाबा ते वाचून घाबरलेत.

मोजूनमापून:
त्यांना म्हणावं निवांत राहा. तो टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच बँक आगाऊ वसूल करते तो कर. एप्रिल 2025 पासून आर्थिक वर्षात माणशी 10 लाखांपर्यंत अशा प्रवासखर्चावर तो लागत नाही, पूर्वी मर्यादा 7 लाख होती. आईबाबांचे पॅन वेगळे, मर्यादाही वेगळी. कापला गेलाच तरी विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. फॉरेक्स कार्डात भरलेली रक्कम आणि डेबिट कार्डाचा परदेशातला खर्च, दोन्ही या 10 लाखांत मोजतात.

कागद: पॅन, पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, शिवाय ए2 फॉर्म (परकीय चलन घेण्याचा अर्ज) भरून घेतील.

आल्प्सच्या_पायथ्याशी:
एक फार महत्त्वाचं राहिलं. दुकानातलं यंत्र किंवा एटीएम कार्ड भारतातलं आहे हे ओळखतं आणि विचारतं, "रुपयांत देणार की युरोत?" समोर ओळखीचे रुपये दिसले की माणूस खूश होऊन तेच दाबतो. नाही! कायम तिथलं चलन. रुपये निवडले की दर त्या यंत्रवाल्याचा. फॉरेक्स कार्डावर तर दुहेरी मार: यंत्र युरोचे रुपये करतं, कार्डात रुपये नसतातच, मग बँक पुन्हा त्याचे युरो करते. पर्यटकांच्या चौकातल्या, कुठल्याच बँकेच्या भिंतीत नसलेल्या एटीएमवर हे हमखास. बँकेच्या शाखेला लागून असलेलं एटीएम शोधा. आणि दर वेळी वीस-तीस युरो काढू नका. फॉरेक्स कार्डावर प्रत्येक वेळी दीड-दोन युरो फी असते, एटीएमवाल्याची वेगळी. नुसती शिल्लक तपासली तरी काही कार्डं पैसे कापतात.

बाबांना एका कागदावर लिहून द्या: "यंत्राने विचारलं तर EUR किंवा CHF. INR कधीच नाही." EUR म्हणजे युरो, CHF म्हणजे स्विस फ्रँक, INR म्हणजे रुपये. एवढं इंग्रजीत लिहा, पडद्यावर तसंच दिसतं.

रेवाकाठी:
रोख: माणशी 150 युरो आणि 50 फ्रँक पुरे, लहान नोटांत. लागते ती स्टेशनवरच्या स्वच्छतागृहांना, छोट्या बेकरीत आणि इटलीत हॉटेलच्या सिटी टॅक्सला. तो माणशी, दर रात्रीचा असतो, बुकिंगमध्ये बहुतेकदा धरलेला नसतो, आणि काही हॉटेलं रोखच मागतात.

हॉटेलने चेक-इनला डिपॉझिटसाठी कार्ड मागितलं तर फॉरेक्स कार्ड देऊ नका. रक्कम अडकवून ठेवतात आणि सुटायला कित्येक दिवस जातात, तोवर तुमचेच पैसे तुम्हाला वापरता येत नाहीत. त्यासाठी बाबांचं क्रेडिट कार्ड जवळ असू द्या, फक्त दाखवायला.

भारतातलं सिम बंद करू नका, ओटीपी त्यावरच येतात. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, डेटा तेवढा बंद ठेवा.

अनुजा_ठाणे:
आणि फॉरेक्स कार्डात पुन्हा पैसे भरायचे (रिलोड) तर शुक्रवारी दुपारच्या आत. शनिवार-रविवार चलनबाजार बंद, बऱ्याच बँका तेव्हा भरून देत नाहीत, देतात त्या दर चढा लावतात.

गोदाकाठ:
मंडळी, मनापासून आभार. अनुजाताईंच्या सल्ल्याने दोन कार्डं, दोन पर्सेस. उद्या तीन ठिकाणी 1500 युरो आणि 600 फ्रँकचा एकूण आकडा मागते, मिळाले की इथे टाकते. उरलेल्या नोटांचं काय करायचं?

मोजूनमापून:
परतल्यावर 180 दिवसांत परत करायच्या, पण 2000 डॉलरपर्यंत किमतीच्या नोटा पुढच्या वेळेसाठी जवळ ठेवता येतात. तेव्हा पडत्या दराने विकायची घाई नको. नाणी मात्र इथे कोणी घेत नाही, ती रोमच्या विमानतळावर कॉफीत संपवा.

कोकणमेवा:
धागा वाचतोय, छान माहिती. आम्ही दिवाळीत काठमांडूला जातोय, त्यासाठी असंच कार्ड घेऊ का?

खिसा_रिकामा:
नको. फॉरेक्स कार्ड नेपाळ-भूतानमध्ये चालतच नाही. काठमांडूत बऱ्याच दुकानांत यूपीआय चालतं, तुमच्या ॲपमध्ये परदेशी यूपीआय चालू करता येतं का ते आधी बघा.