अँकर : सगळेच नांगर नव्हेत

'अँकरचे सगळे अर्थ जहाजाच्या नांगरातूनच निघाले' हे बातम्यांच्या अँकरपुरतं, रिले शर्यतीतल्या शेवटच्या धावपटूपुरतं पटतं. पण जुन्या इंग्रजीत एक वेगळाच अँकर होता: एकांतात राहणारा संन्यासी. 'हॅम्लेट'मध्ये तो याच अर्थाने येतो. नांगर टाकून एका जागी बसलेला माणूस म्हणून अँकर, असं मलाही बरीच वर्षं वाटायचं. चूक! तो 'माघार घेणे, दूर जाणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आलाय. आजचा अँकोराइट (एकांतवासी संन्यासी) हा शब्दही त्याच घरातला.

गंमत म्हणजे संन्याशाच्या स्पेलिंगमधला एच मुळातला आहे. नांगराचा मात्र नंतर, लॅटिनच्या चुकीच्या स्पेलिंगवरून घुसलेला. मूळ लॅटिन 'आंकोरा'त तो नाहीच.

(आपल्या नांगराचंही बघा, शेतातलाही तोच आणि समुद्रातलाही तोच.)