क्रोशाची सुई, कढीपत्त्यावरच्या अळ्या आणि चैत्र: तुमचे अनुभव लिहा

मोगरावाली
चैत्रगौर बसवायची म्हणून काल माळ्यावरची ट्रंक उतरवली. तळाशी जुन्या साडीत गुंडाळलेल्या आईच्या लेसा निघाल्या. गौरीच्या झोपाळ्याची झालर, पन्ह्याच्या तांब्यावर टाकायचा जाळीचा रुमाल (कडेला मणी, म्हणजे वाऱ्याने उडत नाही) आणि एक अर्धवट राहिलेलं तोरण. सगळं चाळीस नंबरच्या दोऱ्यातलं. आता तो दोरा नुसता बघूनच माझे डोळे दुखतात.

आई दुपारचं आवरलं की पडवीत जास्वंदीला खेटून बसायची. शिंजीर हाताच्या अंतरावर यायचा. नर तेव्हा काळा-जांभळा चमकत असतो, तो फुलाच्या देठाशी चोच खुपसून मध ओढायचा आणि आईकडे ढुंकूनही बघायचा नाही. बाबा शेजारी पेपर वाचायला बसले आणि त्यांनी पान उलटलं की भुर्रकन पसार! तेव्हा वाटायचं, आईवर त्याची माया आहे. आता स्वतः विणायला बसते तेव्हा कळतं, क्रोशा करताना हलतात ती फक्त बोटं. मान खाली, नजर टाक्यावर. पाखराला अशा माणसाची भीती वाटत नाही. मुद्दाम पक्षी बघायला बसलं की आपण त्यांच्यावर डोळे रोखतो, आणि ते त्यांना लगेच कळतं.

माझी बाग म्हणजे फ्लॅटची गॅलरी. तगर, सदाफुली, कढीपत्ता, कुंडीतलं लिंबू आणि एक हट्टी कृष्णकमळ. पण या दिवसांत सकाळी तिथे कोण कोण हजेरी लावून जातं! तुमच्याकडे कुणी बागेत बसून विणतं का? क्रोशा, टॅटिंग (छोट्या धोट्याने गाठी मारत करायची लेस), काहीही. आणि तुमच्याकडे पाहुणे कोण येतात? लिहा, लांबलं तरी चालेल.

जिरेमिरे
लांब लिहायला वेळ कुणाला बाई, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय. एवढंच सांगते. आमच्याकडे हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी आरासीतली लेस उलटी करून बघायच्या, मग गौरीला नमस्कार. दोऱ्याची टोकं कशी लपवलीत ते बघायचं असायचं ना! आजी एवढी वैतागली की पुढच्या वर्षी तिने सगळे रुमाल खालच्या कापडाला टाचूनच टाकले. बघा आता उलटून.

गॅलरीतली_गाय
@जिरेमिरे 😂😂 आजी भारी

शेवंती७
कढीपत्ता म्हणालात आणि जखमेवर मीठ. परवा संध्याकाळपर्यंत डवरलेलं झाड, आज नुसत्या काड्या. लठ्ठ हिरव्या अळ्या. हात लावला तर डोक्यातून नारिंगी शिंगं काढतात आणि घाण वास. सासूबाई म्हणतात फवारा मार. मारू का?

दुपारची_उन्हं
@शेवंती७ नका हो मारू. ती मॉरमॉन नावाच्या नाहीतर लिंबावरच्या फुलपाखराची अळी. दोघांनाही कढीपत्ता, लिंबू, बेल ही एकाच कुळातली झाडं लागतात. लहान असताना पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. हिरवी झाली की खादाडपणा सुरू. ती शिंगं म्हणजे शत्रूला पळवायची सोय आहे, चावत-बिवत नाही. झाड मोठं असेल तर पुन्हा फुटेल, या दिवसांत पालवी जोरात येते. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत (राणी पाखरू म्हणायचे ते, २०१५ साली जाहीर झालं) याच घराण्यातलं, त्याच्याही अळ्या लिंबाच्या जातीवरच वाढतात.

शेवंती७
आणि मी फोडणीला काय घालू, नीलवंत?

मोगरावाली
😄 मी दोन कुंड्या केल्यात. एक फोडणीची, एक त्यांची. फोडणीच्या कुंडीवर सापडली की अलगद पान तोडून पलीकडे नेऊन ठेवते. नवरा याला बदल्या करणं म्हणतो.

डाऊन_फास्ट
पुरुष प्रतिसाद चालेल ना? मी टॅटिंग करतो. आत्याने शिकवलं. हाताएवढा पसारा, धोटा खिशात मावतो. लोकलमध्ये बसायला मिळालं तर ठाण्यापर्यंत एक फूल होतं. सुरुवातीला लोक बघायचे, मग एकाने विचारलं, "हे काय, नवीन चार्जर का?" आता ग्रुपमधले आपापल्या मुलींच्या फ्रॉकसाठी कॉलर मागतात, पैसे विचारले की झोपेचं सोंग.

बाग नाही. बिल्डिंगच्या मागे एक पांगारा आहे, या दिवसांत पान एक नाही आणि नुसती लाल फुलं. साळुंक्या, कावळे, बुलबुल, शिंजीर, सकाळी सगळा बाजार भरतो. रविवारी खिडकीत धोटा घेऊन बसतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये दर वर्षी विषय येतो, कचरा फार पडतो, तोडूया. दर वर्षी मी आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका विरोधात मत देतो. अजून उभा आहे.

गॅलरीतली_गाय
दादा, टॅटिंगची गाठ घट्ट बसली तर सोडवता कशी? मी कात्री लावते

डाऊन_फास्ट
बारीक सुईचं टोक घालून सैल करायची, चांगला उजेड हवा. गाडी सिग्नलला थांबली की मी तेच करतो. रिंग आवळून झाली असेल तर मात्र कात्रीच, उगाच जीव काढू नये. क्रोशाचं बरं असतं, टोक ओढलं की आख्खा रुमाल सरसर सुटतो.

सुईणबाई
त्यावरून आठवलं. शिंपी पक्षी पानं शिवतो ना, तो आपल्यासारखा सलग शिवत नाही. चोचीने पानाच्या कडांना भोकं पाडतो आणि प्रत्येक भोकातून कापूस नाहीतर कोळ्याच्या जाळ्याचा तंतू वेगळा ओवतो. गाठ मारत नाही. तंतूचं टोक बाहेर येऊन पिंजतं आणि तिथेच अडकून राहतं. म्हणून एक टाका तुटला तरी बाकीचे जागेवर. आमच्या अडुळशावर होतं घरटं, पिल्लं उडून गेल्यावर पान उलगडून तासभर बघत बसले. माझी शिवणाची परीक्षा घेणाऱ्या बाईंनी त्याला पहिला नंबर दिला असता.

दिसायला केवढासा, आणि आवाज? लाऊडस्पीकर. मार्चपासून सुरू होतो, खरा जोर पावसाळ्यात.

कैरीची_फोड
आई गं कसलं छान. मी क्रोशाचे उरलेले तुकडे पक्ष्यांसाठी गॅलरीत टांगून ठेवू का? नेतील घरट्याला?

सुईणबाई
नको गं. लांब दोरा पिल्लांच्या पायात गुरफटतो, मग पाय जातो. लोकर आणि नायलॉन तर अजिबात नको. द्यायचंच असेल तर शेवरीचा, काटेसावरीचा कापूस ठेव. नाहीतर कोपऱ्यातली जळमटं काढू नकोस. शिंजिराची मादी घरटं बांधायला तीच नेते. ती एकटीच बांधते बरं का, नर आजूबाजूला गाणी म्हणत फिरतो.

जिरेमिरे
म्हणजे आमच्याच घरासारखं. शिवाय जळमटं न काढण्याचं शास्त्रीय कारण मिळालं. धन्यवाद 🙏

डेव्हनची_दमयंती
इंग्लंडहून राम राम. नेमकी लेस बनवणाऱ्यांच्या मुलखात येऊन पडलेय. इथून जवळच होनिटन. तिथली लेस क्रोशाची नाही, बॉबिनची, म्हणजे दोरा गुंडाळलेल्या काड्यांची. एक टणक उशी, तिच्यावर टाचण्या आणि लाकडी बॉबिनांच्या जोड्या, त्या एकमेकींवरून फिरवत राहायच्या. फुलं-पानं सुटी विणतात आणि नंतर जोडतात. जोडताना बॉबिन फासातून ओवावी लागते म्हणून इथल्या बॉबिना सडपातळ आणि टोकदार. राणी व्हिक्टोरियाच्या १८४० मधल्या लग्नाच्या पोशाखाची लेस याच भागात, बीअर नावाच्या समुद्रकाठच्या गावात झाली. यंत्राच्या लेसने हाताचं काम मारलं जात होतं, आणि तिने मुद्दाम हातची मागवली.

मी क्लासला जाते. शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, त्यांचा हात असा चालतो की बॉबिनांचा नुसता टकटक आवाज ऐकत राहावं. माझं एक पान व्हायला किती वेळ लागला ते विचारू नका.

बागेचं म्हणाल तर इथे एप्रिलमध्ये कुठे जीव येतो. गवत कापायचं नाही मे महिनाभर, अशी एक मोहीम असते, 'नो मो मे'. पिवळी डँडेलियनं तशीच राहू द्यायची, थंडीतून उठलेल्या भुंग्यांना आणि मधमाश्यांना तेवढंच खाणं. आणि कुंपणाच्या फळीला खाली १३ सेंटिमीटरचं चौकोनी भोक ठेवतात, हेजहॉगला (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) या बागेतून त्या बागेत जाता यावं म्हणून. आम्हीही पाडलं. अजून तरी शेजाऱ्यांचं मांजरच त्यात डोकं घालून बघतं.

शेवंती७
दमयंतीताई, महिनाभर गवत कापायचं नाही हे आमच्या ह्यांना कळू देऊ नका. ते बाराही महिने पाळतील.

मडगावकार
आमच्या शेजारच्या बाई इगर्जीच्या आल्तारासाठी (चर्चच्या वेदीसाठी) क्रोशाची कड विणायच्या, ईस्टरच्या आधी घाई असायची. परसात बसायच्या, बाजूला जांबाचं झाड. फुलं गळायला लागली की खाली गुलाबी सडा आणि वर शिंजीर. दोऱ्यात जांबाचे तंतू अडकायचे आणि त्या पाखराला कोंकणीत शिव्या द्यायच्या. मग त्यालाच पाणीही ठेवायच्या.

मुक्काम_हैदराबाद
लेस म्हटल्यावर नरसापूरचं नाव आलं नाही अजून? आंध्रात, गोदावरीच्या मुखाकडे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनरी जोडप्याने तिथल्या बायकांना शिकवलं आणि अख्ख्या पंचक्रोशीत क्रोशा पसरला. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मी एकदा गेले होते, उंबऱ्यात, नारळाखाली, विहिरीच्या काठावर बायका विणत बसलेल्या. माल परदेशात जातो. हातात किती पडतं विचारलं तर हसल्या नुसत्या. "रिकाम्या वेळात करतात" असं वरून ऐकवायचं म्हणजे मजुरी कमी द्यायला मोकळे. मला या "रिकामा वेळ" प्रकाराचा राग आहे, माफ करा, धाग्याचा सूर बिघडवला.

मोगरावाली
अजिबात बिघडला नाही. आईलाही लोक म्हणायचे, वेळ जात नाही वाटतं तुमचा. आम्ही चौघं भावंडं, विहिरीचं पाणी, आणि म्हणे वेळ जात नाही.

पानगळ
माझ्या गुलाबाच्या पानांना कुणीतरी कडेने गोल गोल कापलंय. इतकं रेखीव की लेकीला विचारलं, पंचिंग मशीन घेतलंस का. ती म्हणते मी नाही. कोण?

दुपारची_उन्हं
पानं कापणारी माशी. एकांडी मधमाशी असते. तो तुकडा पोटाखाली धरून नेते आणि बारीक पोकळीत पानांच्या नळ्या करून त्यात अंडं घालते. झाडाला फार त्रास नाही, राहू दे. जुन्या बांबूचे पोकळ तुकडे बांधून ठेवलेस तर तिथेही येईल कदाचित.

पानगळ
अय्या खरंच? कूलरच्या पाइपात पानं कोंबलेली सापडली होती, मी घरातल्या सगळ्यांवर ओरडले

कैरीची_फोड
मला खरं विचारायचं होतं ते राहिलंच. आजीचे रुमाल पिवळे पडलेत, काय करू? ब्लीच?

सुईणबाई
ब्लीच नको, जुना सुती दोरा कमजोर होतो. कोमट पाण्यात रिठा, रात्रभर बुडवून ठेव. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबायचं. मग पाटावर पांढरं कापड घालून टाचण्यांनी आकारात ताणून उन्हात. साबुदाण्याची पातळ खळ दे, कडक राहील. खळ दिलेला रुमाल ट्रंकेत ठेवू नकोस, झुरळं खातात. धुऊन ठेवायचा, आरासीच्या आधी पुन्हा खळ.

गॅलरीतली_गाय
साबुदाणा कालच खिचडीत संपला. तांदळाची पेज चालेल?

सुईणबाई
चालेल. मीठ घातलेली नको म्हणजे झालं.

डाऊन_फास्ट
मोगरावाली, ते अर्धवट तोरण पुरं करणार का? कुठल्या नंबरची सुई होती बघा, फोटो टाका.

मोगरावाली
फोटो चढत नाहीये. सुई तोरणातच खोचलेली होती, नंबर झिजलाय. माझा हात आईपेक्षा सैल आहे, तिच्या खांबांना (उभ्या टाक्यांना) माझे खांब लावले की लगेच दिसतं. दिसू दे. शुक्रवारी हळदीकुंकू आहे, जिरेमिरे तू येऊन उलटून बघ.

जिरेमिरे
येते. डाळ तुझी, पन्हं माझं. गुळाचं आणू की साखरेचं?

शेवंती७
गुळाचं!! साखरेचं पन्हं म्हणजे सरबत

डेव्हनची_दमयंती
इथे कैरी मिळाली तर मी साखरेचंही पिईन बायांनो.

कैरीची_फोड
कुणाकडे डाळ वाटायला चांगला मिक्सर कुठला ते सांगा ना, माझा आज धूर काढून बसलाय